कृपया पाटी लावावी

पुणेरी पाट्यांवर अख्खा महाराष्ट्र हसतो. 'दुपारी १ ते ४ दुकान बंद राहील, दार वाजवू नये', 'बेल एकदाच वाजवावी, घरातली माणसं बहिरी नाहीत', 'येथे पत्ते सांगितले जात नाहीत' अशा पाट्यांचे फोटो लोक एकमेकांना पाठवतात आणि खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे टाकतात. पाणी माझ्याही डोळ्यांत येतं, पण ते कृतज्ञतेचं. कुठल्यातरी वाड्याच्या दारावर कुणीतरी, समोरच्यानं काय करायचं आणि काय करायचं नाही, हे ऑइलपेंटनं लिहून ठेवलंय! उरलेलं जग काही लिहीत नाही. ते सगळं गृहीत धरतं आणि मग भुवया उंचावतं. भुवया उंचावल्याचंसुद्धा मला बहुतेक वेळा बायको घरी आल्यावर सांगते.

मला ऑटिझम आहे. हे कळलं तेव्हा मी पन्नाशी ओलांडली होती. तोवर मी नुसता तऱ्हेवाईक होतो. तऱ्हेवाईक असणं हा सदाशिव पेठेत आजार धरत नाहीत, तिथे ती रहिवासाची अट असावी. आमच्या वाड्यातले एक काका रोज संध्याकाळी पावणेसातला कट्ट्यावर एकाच जागी बसत, आणि तिथे दुसरं कुणी बसलेलं दिसलं तर एक शब्द न बोलता घरी परत जात. एक आजोबा पंचांगातल्या चुका शोधून छापणाऱ्यांना पोस्टकार्डं धाडत. यांना डॉक्टरकडे न्यावं असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. पोस्टकार्डवाल्या आजोबांना तर उलटटपाली उत्तरं येत. अशा वाड्यात जिन्याच्या पायरीवर बसून रेल्वेचं वेळापत्रक वाचणारा मुलगा कुणाच्या डोळ्यांवर यावा कशाला? मोठ्यांच्या नजरेला नजर न देणं हा तर त्या काळी सद्गुण होता. 'किती गुणी पोर, मान वर करत नाही,' असं शेजारच्या काकू आपल्या मुलांना ऐकवत. तीच मान खाली घालून मी नोकरीच्या मुलाखतीला गेलो, तर 'आत्मविश्वासाचा अभाव' असा शेरा मिळाला. मधल्या काळात नियम बदलला होता आणि त्याचं परिपत्रक मला कुणी धाडलं नव्हतं.

निदान झालं ते भाच्यामुळे. बहिणीनं त्याला तपासायला नेलं, डॉक्टरांनी 'घरात आणखी कुणी असं आहे का?' असं विचारलं, आणि बहिणीनं क्षणाचाही विलंब न लावता माझा फोन नंबर दिला. ऑटिझम रक्त तपासून कळत नाही, मेंदूचा फोटो काढूनही कळत नाही. माणसाचं वागणं बघायचं, प्रश्न विचारायचे आणि ही लक्षणं अगदी लहानपणापासून होती का, याची खात्री करायची, अशी त्याची पद्धत आहे. त्यामुळे ज्यानं तुम्हाला लहानपणी पाहिलंय असं माणूस बरोबर न्यावं लागतं. केसांना कलप लावणारा, स्वतःचं ऑफिस असलेला, शुगरची गोळी घेणारा मी त्या बालविकास केंद्राच्या रंगीत खुर्चीत आईचा हात धरून बसलो. समोरच्या भिंतीवर जिराफ होता. त्याच्या मानेवर उंची मोजायच्या खुणा होत्या आणि त्यातली ९० सेंटिमीटरची खूण चुकीच्या जागी होती. डॉक्टर बाईंना मी ते आल्या आल्या सांगितलं. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. जिराफाबद्दल असावं असं मला वाटलं.

"आजी, हे लहानपणी इतर मुलांत मिसळायचे का?" डॉक्टर बाईंनी विचारलं.

"कशाला मिसळेल? ती मुलं काय कामाची होती?" आई म्हणाली.

"खेळणी एका ओळीत मांडून ठेवायचे?"

"ओळीत नाही हो. उंचीप्रमाणे."

"रोजच्या गोष्टीत काही बदल झाला तर त्रास व्हायचा?"

"छे! आम्ही बदलच करत नव्हतो."

असं बराच वेळ चाललं. प्रत्येक उत्तरानंतर आई 'यात काय एवढं, याचे वडीलही तसेच होते' अशी पुरवणी जोडत होती. माझे वडील एका हॉटेलात आयुष्यभर एकाच टेबलावर बसले आणि ते हॉटेल बंद पडल्यावर त्यांनी बाहेर खाणंच बंद केलं. शेवटी आई चिडली. म्हणाली, "पण डॉक्टर, यात वेगळं असं काय आहे ते सांगा ना मला." तेव्हा बाईंनी पेन खाली ठेवलं आणि फार मायेनं विचारलं, "आजी, तुमच्या माहेरची मंडळी कशी होती हो?" ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, हे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. आमच्याकडे जुळी कुणी नाहीत, पण डॉक्टर बाईंना आमच्या आईनंच पुरेसा पुरावा पुरवला.

घरी येताना रिक्षात मी आईला सांगितलं, की एके काळी अमेरिकेत मोठमोठे तज्ज्ञ या सगळ्याचा दोष आईला द्यायचे. आईच्या मायेत ऊब नसली की मूल असं होतं, असं म्हणत. अशा आयांना त्यांनी 'रेफ्रिजरेटर मदर' असं नावच पाडलं होतं. आई विचारात पडली. मला वाटलं, दुखावली. सिग्नल सुटल्यावर म्हणाली, "पण आपल्याकडे फ्रिज तू दहावीला असताना आला."

पुढे प्रमाणपत्राचा विषय निघाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि त्यात ऑटिझम आहे. तो किती, हे ठरवायला आपल्याकडे एक भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे आहेत आणि प्रत्येक मुद्द्याला १ ते ५ गुण. ती मी वाचली आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या सरकारी कागदाच्या प्रेमात पडलो. कारण तिच्यात 'कधीकधी' म्हणजे किती, हे दिलेलं आहे! 'क्वचित' म्हणजे २० टक्क्यांपर्यंत, 'कधीकधी' म्हणजे २१ ते ४०, 'बऱ्याचदा' म्हणजे ४१ ते ६०, 'बहुतेक वेळा' म्हणजे ६१ ते ८०, आणि त्यापुढे 'नेहमी'. अर्धशतक मी या शब्दांच्या अर्थासाठी लोकांची तोंडं न्याहाळत आलो, आणि उत्तर एका तक्त्यात होतं. तो तक्ता मी घरी लागू केला. बायको म्हणाली, "तुम्ही माझं कधीच ऐकत नाही." मी तिला तक्ता दाखवला. 'कधीच नाही' अशी श्रेणी त्यात नाही. सर्वांत खालची श्रेणी 'क्वचित' आहे, आणि ती मला मान्य आहे. त्यावर ती जे बोलली ते 'नेहमी'च्या श्रेणीतलं होतं.

प्रमाणपत्राच्या रांगेचं मात्र काय सांगावं! गर्दी, आवाज आणि उजेड सोसवत नाही अशा माणसांना तपासण्यासाठी त्यांना एका बोळात, लुकलुकत्या ट्यूबखाली, लाऊडस्पीकरच्या बरोबर तळाशी तीन तास बसवतात. ज्यांना तिथे काहीच होत नाही, त्यांना बहुधा तिथूनच घरी पाठवत असावेत. तपासणीची ही पद्धत अचूक आहे, पण तिला तशी मान्यता द्यायला हवी.

नातेवाइकांना कळलं तेव्हा घराण्यात दोन तट पडले. एक तट म्हणाला, 'काहीतरीच! चांगला शिकलासवरलास, लग्न झालं, तुला कसला ऑटिझम?' दुसरा म्हणाला, 'अरे, थोडं थोडं सगळ्यांनाच असतं.' एका काकांनी त्रिफळा चूर्ण सुचवलं. हे काका गुडघेदुखी, पित्त आणि इन्कम टॅक्सची नोटीस यांवरही त्रिफळाच सुचवतात, त्यामुळे मी त्यांचा आदर करतो. माणसानं असं स्थिर असावं. एका मावसभावानं लसीकरणाचा विषय काढला. लशीचा आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा तो १९९८ चा निबंध १२ मुलांवर बेतलेला होता आणि २०१० साली तो ज्या नियतकालिकानं छापला त्यानंच मागे घेतला, हे मी त्याला सांगितलं, सालांसकट सांगितलं, नंतर फोन करून पुन्हा सांगितलं. आता तो माझा फोन उचलत नाही. आणि ज्यांनी 'रेन मॅन' पाहिलाय त्या सगळ्यांनी मला गुणाकार घातले. तो सिनेमा १९८८ चा. त्यातला नायक आकडेमोडीत अचाट असतो. मी नाही. माझ्या बाबतीत प्रेक्षकांची निराशा झाली.

इथे जरा थांबून एक सांगायला हवं. माझा ऑटिझम हा विनोदी लेख लिहिता येईल इतपतच आहे. ज्यांना बोलता येत नाही, ज्यांना आयुष्यभर कुणीतरी सोबत लागतं, अशी मुलंमाणसं याच नावाखाली येतात, आणि त्यांच्या आईबापांना रात्री झोप लागत नाही ती 'आमच्यामागे याचं काय' या प्रश्नानं. मी त्या केंद्रातल्या बाकावर त्यांच्याशेजारी बसलोय. गुणाकार त्यांनाही कुणी विचारू नयेत.

तर, नियम. लोकांना वाटतं, मला माणसांत वावरता येत नाही. साफ चूक. नियम सांगितले तर माझ्याइतका आज्ञाधारक माणूस पुणे जिल्ह्यात सापडणार नाही. आणि आपल्या पूर्वजांनी ते सांगितलेही होते. साधं जेवणाचं पान घ्या. मीठ वर मधोमध. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाज्या. खाली मध्यभागी भाताची मूद, तिच्यावर वरण, त्यावर तूप. सुरुवात वरणभातानं, शेवट ताकभातानं. प्रत्येक पदार्थाला जागा आहे, प्रत्येक जागेला पदार्थ आहे, आणि कुणी कुणाच्या हद्दीत जात नाही. ज्यानं हे पहिल्यांदा ठरवलं तो आमच्यातला असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चटणी उजवीकडे वाढलेली बघून त्यालाही घास गिळवला नसेल. त्याच्या हट्टाला लोकांनी पुढे परंपरा म्हटलं, हे त्याचं भाग्य.

मग बुफे आला. बुफेत डावी-उजवी बाजूच नाही. पनीरचा रस्सा गुलाबजामाच्या वाटीपर्यंत येतो, नूडल्स जिरा राइसवर पडतात, आणि माणसं हे सगळं एका हातात धरून दुसऱ्या हातानं नमस्कार करतात. उभ्यानं. बोलत. मी लग्नांत पाच ताटल्या घेतो, एका पदार्थाला एक. केटररच्या मुलाला वाटतं, माझ्यामागे कुटुंब उभं आहे.

पंगतीतही एक गोष्ट मात्र लिहून ठेवायची राहून गेली, ती म्हणजे आग्रह. जिलबी वाढायला आलेल्या माणसाला 'नको' म्हटलं की तो वाढतो. 'बास' म्हटलं की दोन वाढतो. पानावर आडवा हात धरला की हातावर वाढतो. उलट मी कुणाकडे वाढायला गेलो आणि समोरचा 'नको' म्हणाला, की मी पुढच्या पानाकडे जातो. आमच्या चुलतबहिणीच्या लग्नात माझी जिलबीची रांग इतकी झपाट्यानं संपली आणि परातीत इतक्या जिलब्या उरल्या, की आचाऱ्यानं मला पुढच्या मुहूर्ताला कामावर बोलावलं. मुलाकडचे मात्र आमच्याकडे आग्रह नाही म्हणून नाराज झाले. तोंडानं नको म्हणायचं, मनात हवं ठेवायचं, आणि समोरच्यानं ते ओळखलं नाही की त्याला भावना समजत नाहीत असं म्हणायचं. बरं, ज्याला ओळखता येत नाही असा शिक्का मारलाय तो मी. पण मी 'नको' म्हणतो तेव्हा मला खरंच नको असतं, हे आजवर किती वाढप्यांना ओळखता आलं?

'या एकदा घरी' हाही असाच प्रकार. पूर्वी मी खिशातून डायरी काढून 'कधी?' असं विचारायचो. समोरच्याचा चेहरा (हेही बायकोच्या सांगण्यावरून) गॅस सिलिंडर संपल्यासारखा व्हायचा. एक-दोघांनी घाबरून तारीखही दिली. मी त्या तारखेला, दिलेल्या वेळी, गेलो. लोक घरच्या कपड्यांत होते. माझ्या मते 'या एकदा' या वाक्यात निमंत्रणाचे सगळे घटक आहेत. नसेल बोलवायचं तर 'येऊ नका' असं म्हणावं. पाट्यांवर लिहितातच की.

पण आलेल्या पाहुण्याला परत जाताना बघणं, यासारखं गूढ दुसरं नाही. मी याचा बराच अभ्यास केला आहे. पाहुणे सोफ्यावरून 'चला, निघू या आता' म्हणतात, तेव्हा निघायला साधारण पाऊण तास असतो. हे वाक्य म्हटल्यावर ते आणखी मागे टेकून बसतात. मग यजमानीण 'एवढी काय घाई' म्हणते, चहा होतो. दुसरा टप्पा उभ्यानं, टीपॉयपाशी: इथे तब्येतीचे विषय. तिसरा टप्पा चपलांपाशी. एक चप्पल पायात, एक हातात, अशा अवस्थेत माणसं मुलांच्या लग्नाचं बोलतात. संध्याकाळभर मऊ सोफ्यावर जे सुचलं नाही ते इथे का सुचतं, कुणी सांगू शकत नाही. चौथा टप्पा लिफ्टचं दार पायानं अडवून. तिथे ते खरं कशासाठी आले होते, ते कळतं. बहुधा उसने पैसे किंवा शाळेतल्या ॲडमिशनसाठी ओळख. पाचवा खाली, गाडीच्या खिडकीशी. मी पूर्वी 'चला, निघू या' ऐकलं की दार उघडून धरायचो. ते म्हणाले निघू या, मी सोय केली. बायकोनं आता मला पाहुणे असताना दारापासून लांबची खुर्ची दिली आहे.

व्यवसायानं मी लेखापरीक्षक आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांचे हिशेब तपासतो. हे काम माझ्यासाठी कुणी मुद्दाम घडवलं असतं तरी इतकं चपखल बसलं नसतं. सोसायटीला छापील उपविधी असतात. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी. नोटिशीत लिहिलेलं असतं, की गणपूर्ती झाली नाही तर सभा अर्धा तास तहकूब होईल आणि मग त्याच जागी, गणपूर्तीशिवाय भरेल. म्हणून सगळे सभासद बरोब्बर अर्ध्या तासानं येतात. वर्षानुवर्षं मी वेळेवर जातो आणि रिकाम्या सतरंजीसमोर तो अर्धा तास एकटा काढतो. तिथे कुणी 'आणखी काय विशेष?' असं विचारत नाही. माझा तेवढा अर्धा तास कुणी हिरावून घेऊ नये. सभा सुरू झाली की सेक्रेटरी आणि खजिनदार एकमेकांचे बाप काढतात आणि मी 'चहापान खर्च, व्हाउचर क्रमांक दिलेला नाही' हे वाक्य मधल्या शांततेची वाट न बघता वाचतो. भांडण थांबतं. दोघेही माझ्याविरुद्ध एक होतात. कित्येक सोसायट्यांत समेट घडवल्याचं श्रेय माझं आहे, फक्त ते इतिवृत्तात येत नाही.

शास्त्राचं थोडं सांगतो, कारण कुणी विचारत नाही. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांवर निबंध लिहिला, पुढच्या वर्षी व्हिएन्नात हान्स ॲस्पर्गर यांनी लिहिला, आणि ऑटिझमच्या इतिहासाची सुरुवात तिथून सांगतात. पण त्यांच्याआधी, १९२० च्या दशकातच, ग्रुन्या सुखारेवा नावाच्या रशियन डॉक्टरबाईंनी सहा मुलांचं इतकं बारकाईनं वर्णन केलं होतं, की आजही ओळख पटावी. फारसं कुणी वाचलं नाही. नीट लिहून ठेवलेलं लोक वाचत नाहीत, हा माझा व्यवसायातलाही अनुभव आहे. पुढे तज्ज्ञांनी ठरवलं, की ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याच्या मनातलं ओळखता येत नाही. २०१२ साली डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञानं, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, उलटा प्रश्न टाकला: तुम्हाला तरी आमच्या मनातलं कुठे ओळखता येतं? कमतरता दोघांच्या मधे आहे, ती एकाच्याच खात्यावर का टाकता? लेखापरीक्षक म्हणून मला हा आक्षेप बिनतोड वाटला. आणि २०२० साली एडिंबरोच्या संशोधकांनी त्याचा हिशेबच मांडला. एकानं दुसऱ्याला गोष्ट सांगायची, त्यानं तिसऱ्याला, अशी आठ-आठ जणांची साखळी केली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जितकी टिकली, तितकीच ती सगळे बिगरऑटिस्टिक असलेल्या साखळीत टिकली. गळती झाली ती मिश्र साखळीत. म्हणजे माझ्या वडिलांनी मला सांगितलेलं मला पूर्ण कळत होतं, माझ्या मावशांचं मावशांना कळत होतं. गोंधळ फक्त दिवाळीत, सगळे एकत्र जमल्यावर व्हायचा.

मिश्र साखळीचं आणखी एक उदाहरण म्हणजे माझं लग्न. ते ठरलं कसं, याचं लोकांना नवल वाटतं. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात आम्हाला दोघांना 'बोला मोकळेपणानं' म्हणून गॅलरीत बसवलं. विषय दिला नव्हता. मी मला ज्यात गती होती तो घेतला. पुण्याकडे येणारी गाडी कर्जतला थांबते आणि बोरघाट चढण्यासाठी तिला मागून जादा इंजिनं लावतात. सदतीस फुटांत एक फूट असा तो चढ आहे. या इंजिनांना बँकर म्हणतात. मी त्यांचे प्रकार सांगितले, ती कुठे सुटतात ते सांगितलं, पोहे गार झाले. याआधी दोन मुलींना एवढ्या अवधीत घरातून कुणीतरी हाक मारली होती. ही मुलगी मात्र विचारात पडली आणि म्हणाली, "पण मग पुढून का नाही लावत? ओढायला सोपं नाही का?" मी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत पाहिलं, असं ती सांगते. सगळा भार पुढून ओढला तर डब्यांमधल्या जोडांवर ताण येतो आणि चढावर एखादा जोड तुटला तर मागचे डबे उताराला लागतील. मागून रेटलं तर भार वाटला जातो. हे मी सांगितलं आणि आत जाऊन वडिलांना होकार कळवला. तिनं त्या दिवशी का होकार दिला, हे मी तिला विचारलं आहे. ती म्हणते, एवढ्या वेळात मी तिला स्वयंपाक येतो का, हे एकदाही विचारलं नाही. माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं.

गणपतीत आम्ही दोघं कर्जतला जातो. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा आहे, आणि आमच्या खिडकीखालच्या ढोलपथकाचा कायद्यावर विश्वास नाही. त्यांच्या हौसेला माझा विरोध नाही, माझ्या कवटीचा आहे. बायको दरवर्षी विचारते, "मग इंजिनाचा आवाज कसा चालतो तुम्हाला?" चालतो. कारण इंजिनाचा आवाज वेळापत्रकानुसार येतो. ढोल कधी थांबेल, हे खुद्द ढोल वाजवणाऱ्यालाही माहीत नसतं.

मागे भाचीचं लग्न निघालं. पत्रिकेवर मुहूर्त होता दुपारी १२ वाजून ३७ मिनिटं. या देशात मिनिटांच्या हिशेबानं ठरणारी एवढी एकच सामाजिक गोष्ट उरली आहे, आणि तीही कुणी पाळत नाही, याचं मला जन्मभर दुःख आहे. 'कृपया आहेर आणू नये' असंही पत्रिकेवर होतं, म्हणून मी नेला नाही. उरलेल्या तीनशे माणसांनी ते वाक्य कसं वाचलं, ते त्यांनाच ठाऊक. कामं वाटताना मेहुण्यांनी मला 'तुम्ही जरा वेळेकडे बघा' असं सांगितलं. बायको म्हणते, मला कुठेतरी गुंतवून ठेवायचं म्हणून सांगितलं होतं. मला सांगण्यात आलं, मी बघितलं.

सकाळी साडेसातपासून मी हातात वेळापत्रक घेऊन उभा होतो. पार्लरवालीला तिची वेळ लेखी दिली. फोटोग्राफर 'एक मिनिट' म्हणाला की मी त्याला एक मिनिट द्यायचो आणि साठाव्या सेकंदाला नवरीला उठवायचो. बँडवाल्यांना थांबायची वेळ सांगितली, आणि ते थांबले. म्हणाले, इतकं स्पष्ट आजवर कुणी सांगितलं नव्हतं. गुरुजींना मंगलाष्टकं किती लांबवायची, हे कडव्यांच्या हिशेबात दिलं. १२ वाजून ३७ मिनिटांनी अंतरपाट खाली आला आणि अक्षता पडल्या. गुरुजी नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, की चाळीस वर्षांत त्यांनी असं पाहिलं नव्हतं. घराण्यात तर ही पहिलीच वेळ.

साधारण एकच्या सुमाराला पाहुणे यायला लागले. रिवाजाप्रमाणे मुहूर्तापेक्षा अर्धा तास उशिरा, अक्षता टाकायला बरोब्बर वेळेत. हॉलमध्ये शिरून त्यांनी पाहिलं, तर नवरा-नवरी जेवत होते. मुंबईची आत्या, जी नवऱ्या मुलीला कडेवर खेळवलेली म्हणून खास गाडी करून आली होती, ती दारातच उभी राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला घड्याळ दाखवलं.

आत्यानं त्या दिवसापासून माझ्याशी अबोला धरला. कडक अबोला: सणावाराला फोन नाही, समोर आलो तरी बघायचं नाही, मी असलेल्या खोलीतून उठून जायचं. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तिच्या नातवाची मुंज गेली. शेवटी बहिणीनं मध्यस्थी केली आणि आत्या डोळे पुसत माझ्याकडे आली. "झालं गेलं विसर रे," ती म्हणाली, "इतके दिवस बोलले नाही तुझ्याशी, मनाला लावून घेऊ नकोस." तेव्हा मला कळलं, की ती बोलत नव्हती.